राखाडी खोलीतला धूर

१

मंगळवारी दुपारी जेवणं आटोपल्यावर माझ्या धाकट्या बहिणीच्या सुनेने एका कॉम्प्युटरचं बटण दाबलं. आतले पंखे अर्धा फेरा फिरले, चट् असा आवाज झाला आणि काचेच्या झाकणाआड धुराची बारीक रेघ वर चढली. सगळा मामला दोन सेकंदांचा. तेवढ्यात चित्रं घडवणारं, तिथलं सगळ्यात मोठं ग्राफिक्स कार्ड गेलं आणि त्याच्याबरोबर सुनेची पतही.

मला हे कळलं ते बुधवारी, दुपारच्या झोपेतून अर्धवट उठवणाऱ्या फोनवरून. धाकटीचा फोन नेहमी झोपेतच येतो.

"ताई, तू तुझं मीटर घेऊन ये."

माझी ही बहीण ॲनिमेशनपट बनवते. म्हणजे चित्रं काढतो तिचा मुलगा, ती हलवतात बाकीची माणसं, आणि या सगळ्यांना वेळेवर कामाला लावते ती. जागा एका जुन्या दोऱ्याच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर. अजूनही फरशीच्या फटींत कधी कधी रंगीत दोऱ्याचा तुकडा सापडतो. सून या घरात लग्न होऊन आली त्याच्या दोन वर्षं आधीच या मजल्यावर आली होती, कॉम्प्युटर जोडायला. तिथला एकूण एक कॉम्प्युटर तिने स्वतःच्या हातांनी बांधलेला. घरात तिला काय म्हणतात हे ती फारसं मनावर घेत नसे, पण कोणी "हा हिने जोडलाय" म्हटलं की तिचा चेहरा उजळायचा.

"सोमवारपासून ती फोन उचलायला बसेल," धाकटी म्हणाली. "कॉम्प्युटरना हात लावायचा नाही. मी बाहेरचा माणूस बघते. चूक तिचीच आहे एवढं तू तपासून सांग, म्हणजे माझ्या डोक्याला कटकट नको."

"तिचं काय म्हणणं आहे?"

"ती कबूल करते आहे."

"मग मला कशाला बोलावतेस?"

पलीकडे टेबलावर पेनं खडखडली.

"कारण ती चुकत नाही, ताई," धाकटी म्हणाली.

२

मी एकतीस वर्षं एका प्रयोगशाळेत पॉवर सप्लाय तपासले. भिंतीतून येणाऱ्या विजेला कॉम्प्युटरला पचेल अशी करून देणारी ती लोखंडी पेटी. माझ्या हाताखालून अशा हजारो पेट्या गेल्या असतील. मी विचार करते तेव्हा माझे डोळे मिटतात आणि मान थोडी कलते. प्रयोगशाळेत नवीन आलेली माणसं मला झोपाळू समजायची, आणि मीही त्यांचा गैरसमज कधी दूर केला नाही. झोपलेल्या बाईसमोर लोक मोकळेपणी बोलतात.

जळलेला कॉम्प्युटर राखाडी खोलीत होता. ही खोली म्हणजे त्या मजल्यावरचं गर्भगृह. तिथे तयार झालेल्या चित्रांना शेवटचा रंग चढतो. भिंती राखाडी, छत राखाडी, गालिचा राखाडी, खिडकीला दुहेरी पडदे. आजूबाजूला लाल खुर्ची असली तर डोळा फसतो आणि पडद्यावरचा हिरवा जास्त हिरवा वाटतो, म्हणून रंगाचं काहीही आत न्यायचं नाही असा नियम. बाहेर एक उंच कपाट आहे. आत जाणाऱ्याने रंगीत वस्तू त्यात ठेवायच्या आणि खुंटीवरचा राखाडी डगला अंगात घालायचा.

नियम करणारी बाई दारातच उभी होती. सगळे तिला रंगबाई म्हणतात. वय माझ्याहून चार-सहा वर्षांनी कमी, केस राखाडी, कपडे राखाडी. खोलीने आपल्याच पोटातून तिला काढली असावी अशी ती त्या दारात दिसत होती.

"शाल," ती म्हणाली.

मी शाल काढून दिली. तिने ती हातात धरून डोळ्यांजवळ नेली. "पिवळीच आहे ना ही?"

"आहे खरी. मी सायीच्या रंगाची म्हणून घेतली होती. मागच्या वर्षी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, पट्टी निघाली आणि बघते तर ही हळदीसारखी."

कुणीही यावर हसतं. रंगबाई हसली नाही. तिने शाल घडी घालून कपाटात ठेवली आणि कपाट घाईने लावलं.

आत पाऊल टाकलं आणि कान भरून आल्यासारखं झालं. रस्त्याचा आवाज नाही, सावली नाही, सकाळ की संध्याकाळ याचा पत्ता नाही. बाहेरच्या एका कॉम्प्युटरला तात्पुरत्या जोडलेल्या पडद्यावर एक बाई थबकून उभी होती, एक पाय उचललेला, आणि तिच्यामागे एक अख्खं गाव झोपलेलं. भाच्याचा चित्रपट हाच होता. सगळं गाव झोपतं आणि एकटी जागी राहिलेली बाई सगळ्यांच्या स्वप्नांतून चालत जाते. मी तिच्याकडे बघत राहिले आणि क्षणभर मलाच कळेना की आपण इथे कशाला आलो.

मग नाकाला जळका वास लागला. डावीकडे बुटक्या टेबलावर तो कॉम्प्युटर होता, आणि त्याच्यापुढे जमिनीवर सून बसली होती.

"मावशी, तपासण्यासारखं काही नाहीये," ती वळून न बघता म्हणाली. "बटण मी दाबलं. जबाबदारी माझी. तुम्ही चहा घ्या आणि घरी जा."

मला कुणी घरी जा म्हटलं की मी बसते. मी बसले.

३

आधी पेटी. ती वेगळी काढून चालू केली आणि मीटर लावलं. कार्डाला बारा व्होल्ट लागतात. अकरा पूर्णांक चारच्या खाली गेलं तर ते गळपटतं, बारा पूर्णांक सहाच्या वर गेलं तर त्याच्या जिवाला धोका. मीटरने दाखवलं बारा पूर्णांक एक. मी ओझं वाढवून पाहिलं, आकडा हलला नाही. पेटी निर्दोष होती. धोका दिसताच तिने स्वतःला बंद करून घेतलं होतं, पण तेवढ्यात कार्डाचा निकाल लागला होता.

मग जोडणी. मोठ्या कार्डाला पेटीकडून दोन केबली लागतात. आळशी माणसं एकाच केबलीच्या दोन शेपट्या दोन्ही जागी खोचतात आणि सगळा भार एकीवर टाकतात. सुनेने दोन स्वतंत्र केबली लावल्या होत्या. काही जण पिन अर्धवट खुपसतात, मग तिथे ऊब साचून प्लास्टिक वितळतं. इथे प्लास्टिक शाबूत होतं आणि खटका पूर्ण बसलेला. कॉम्प्युटरही काल-परवाचा नव्हता, चाळीस दिवस विनातक्रार चालला होता. सोमवारी सुनेने धूळ काढायला तो बंद केला, आणि मंगळवारी दुपारी चालू केला तेव्हा जळला.

राहिल्या त्या दोन केबली. राखाडी, सुबक, एकमेकींना चिकटून गेलेल्या.

मी त्या काढल्या आणि मीटरची एक सुई एका टोकाला, दुसरी दुसऱ्या टोकाला लावत बसले. आतली तार सलग असली की मीटर किणकिणतं. कोणतं भोक कुठे जाऊन उघडतं ते कागदावर मांडलं. मांडून झाल्यावर मी डोळे मिटून घेतले.

या केबलीचं कार्डाकडचं टोक जगात सगळीकडे सारखं असतं. पेटीकडच्या टोकाचं तसं नाही. तिथे कोणत्या भोकातून बारा व्होल्ट सोडायचे आणि कोणत्या भोकातून ते परत घ्यायचे, हे पेटी बनवणारा प्रत्येक जण आपल्या मर्जीने ठरवतो. आकार मात्र बहुतेकांचा सारखा. त्यामुळे एका पेटीची केबल दुसऱ्या पेटीत अगदी सहज बसते, खटकाही वाजतो, आणि बटण दाबेपर्यंत सगळं छान दिसतं. या राखाडी केबली कार्डाला उलट्या वाटेने वीज देत होत्या. त्या या पेटीच्या नव्हत्याच.

"या केबली पेटीबरोबर आलेल्या?" मी विचारलं.

"हो."

"चाळीस दिवस याच होत्या?"

"सगळ्या राखाडीच होत्या, मावशी." तिचा आवाज सपाट होता. "मी जुन्या सामानात काहीतरी घोटाळा केला असेन."

उलटी केबल चाळीस दिवस चालत नाही. चाळीस सेकंदसुद्धा चालत नाही. हे तिला माहीत नव्हतं असं म्हणणं म्हणजे आचाऱ्याला मीठ माहीत नाही म्हणण्यासारखं झालं.

मी कॉम्प्युटर फिरवला आणि मागचं पत्र्याचं झाकण उघडलं. काचेतून न दिसणारी बाजू. पेटीबरोबर आलेल्या बाकीच्या केबली तिथे व्यवस्थित बांधून ठेवल्या होत्या, विणलेल्या आवरणाच्या, एकूण एक.

त्या पिवळ्या होत्या.

४

खोटं बोलणाऱ्या माणसाला लगेच पकडलं तर तो दुसरं खोटं रचतो. म्हणून मी मान हलवली, झाकण लावलं आणि चहाच्या नावाखाली बाहेर पडले.

सामानाची खोली बघणारे गृहस्थ प्रत्येक वाक्य "नेमकं सांगायचं तर" असं सुरू करतात, आणि तेवढं सोडून नेमकं काहीच सांगत नाहीत. त्यांचं नाव नेमके पडलंय. सून येण्याआधी तिथले कॉम्प्युटर हे बघायचे. तिने आल्यावर दोन जुने कॉम्प्युटर मोडीत काढले तेव्हापासून त्यांच्या मनात थोडी अढी आहे, हे धाकटीने मला पूर्वीच सांगितलं होतं.

"जुन्या कॉम्प्युटरच्या केबली कुठे असतात?"

"नेमकं सांगायचं तर, खालच्या खणात."

खण उघडा होता. आत एका पिशवीवर "जुनी पेटी" असं सुनेच्या अक्षरात लिहिलेलं. पिशवीत राखाडी केबलींचा गुंता होता. त्यात कार्डाला लागणारी केबल एकही नव्हती.

"दोन कमी आहेत, नेमके."

"मी कुणाला केबल दिलेली नाही, ताई. देवाशपथ."

"मग काय दिलंत?"

"या खोलीची किल्ली," ते म्हणाले. "पण किल्ली सगळेच मागतात. मालकीणबाईंना हे कळलं तर माझी धडगत नाही. मला यात ओढू नका."

"सुनेने मागितली?"

ते खणाकडे बघत राहिले. "तिला कशाला मागावी लागेल," ते हळू म्हणाले. "तिच्याकडे स्वतःची आहे." यापुढे त्यांच्या तोंडाला कुलूप लागलं.

भाचा त्याच्या टेबलाशी झोपलेल्या गावाची छपरं काढत होता. माझा लाडका आहे तो, लहानपणी माझ्याच मांडीवर झोपायचा, म्हणून त्याच्यावर राग काढायला मला संकोच वाटत नाही.

"बायकोच्या कॉम्प्युटरमधल्या केबली कोणत्या रंगाच्या होत्या रे?"

तो गोंधळला. "मी पडद्याकडे बघतो गं, मावशी. कॉम्प्युटरकडे कोण बघतं."

"ती जोडते ते तू कधी बघितलंच नाहीस?"

त्याने एका छपरावर आणखी एक रेघ ओढली.

"आईने तिला फोनवर बसवलं तेव्हा तू काय म्हणालास?"

"म्हटलं, आता वाद नको. चित्रपट संपू दे." तो उठून उभा राहिला आणि सुटका करून घेतल्यासारखा म्हणाला, "ये, तुला झालेला भाग दाखवतो."

मी खुर्चीत टेकले आणि त्या झोपलेल्या गावात शिरले. सुरुवातीच्या रस्त्यांवर कोवळं, दुधाळ ऊन होतं. झोपलेल्या बेकरीवाल्याच्या स्वप्नातलं पीठ पांढरं शुभ्र उडत होतं. बाई पुढे चालत राहिली आणि हवेत हळूहळू निळं मिसळू लागलं. शिक्षिकेच्या स्वप्नात ते खडूच्या धुळीत होतं, पोस्टमनच्या स्वप्नात माणसांच्या गालांवर. शेवटच्या प्रसंगांपर्यंत सगळं गाव पाण्याच्या तळाशी गेलं होतं, आणि ती बाई तळावरून चालत होती. मला ते इतकं सुंदर वाटलं की शेवटचा प्रसंग मी परत लावायला सांगितला.

"हे निळं तू सांगितलंस?"

"नाही ना." त्याचा चेहरा फुलला होता. "गेल्या सहा महिन्यांत रंगबाईंनी आपण होऊन आणलं. मी सांगूनही असं जमलं नसतं. त्यांचा हात आता कुठे मोकळा झालाय."

मी डोळे मिटले. भाच्याला वाटलं मावशीला डुलकी लागली, आणि तो पावलं न वाजवता निघून गेला. मी जागीच होते. सहा महिने, निळं, पिवळं, असं काहीसं डोक्यात पाण्यावर तरंगत होतं आणि एकमेकांना लागत नव्हतं.

५

ते लागलं ते शालीमुळे. गारठा वाटला म्हणून मी शाल आणायला उंच कपाटाशी गेले. शाल वरच्या फळीवर होती. ओढली तर तिच्याखालचं काहीतरी खाली पडलं.

कपाटात जप्त झालेलं सगळं पिवळं होतं. लाल नाही, हिरवं नाही. खिडकीचा एक पिवळा पडलेला पडदा, दोन काढून ठेवलेले दिवे, एक पेन्सिलींचा डबा. आणि माझ्या पायाशी, मऊ कापडात गुंडाळलेल्या, दोन पिवळ्या केबली.

मी परत राखाडी खोलीत गेले. रंगबाई जेवायला गेली होती, सून अजून तिथेच बसलेली. मी रंगबाईच्या खुर्चीत बसले, बंद कॉम्प्युटरमध्ये पिवळ्या केबली नुसत्या लटकवल्या, काच लावली आणि पडद्याकडे पाहिलं. पांढरं पांढरंच राहिलं. मी पंधरा मिनिटं बघत होते. त्या केबलींचा पिवळा या खुर्चीपर्यंत पोचतच नव्हता.

"रंगबाईंना मात्र तो दिसत होता," मी म्हणाले.

सुनेने गुडघ्यांत मान घातली.

"आधी त्यांनी खिडकीचा पडदा बदलला. मग दिवे. मग डबा. सगळं काढलं तरी पांढऱ्यावरचा पिवळेपणा जाईना. शेवटी उरल्या या केबली. सोमवारी तू कॉम्प्युटर बंद केलास तेव्हा त्यांनी नेमक्यांकडून किल्ली घेतली, तितक्याच लांबीच्या राखाडी शोधल्या, हाताने फिरणारे चार स्क्रू काढले आणि बदलल्या. त्यांच्या हिशेबी तो पडदा सरकवण्याचाच प्रकार. कोणत्या पेटीची केबल कोणत्या पेटीला, हा विचार त्यांच्या स्वप्नातही आला नसेल. आणि तेवढ्यानेही पिवळं गेलं नसतं, कारण ते खोलीत नव्हतंच. मी वर्षभर घरातल्या सगळ्यांशी भांडले होते अगं, चादरी पिवळ्या धुता म्हणून. मोतीबिंदू माझ्या डोळ्यात होता. त्या पिवळ्यावर उतारा म्हणून त्या बिचाऱ्या पडद्यावर निळं ओतत राहिल्या."

तिने डोकं वर केलं. बोलली तेव्हा आवाज ओला होता.

"दीड महिन्यापूर्वी त्यांनी मला कॉम्प्युटरचा पडदा तपासायला सांगितला. मी यंत्र लावून मोजलं, पडदा बरोबर. दिवे मोजले, बरोबर. मग मी विचारलं, डोळे दाखवलेत का. त्या रडल्या, मावशी. म्हणाल्या, रंग बघणारीचे डोळे गेले असं एकदा पसरलं की मला कुणी उभं करणार नाही, हा चित्रपट संपू दे, मग दाखवते. मी वचन दिलं."

"आणि मंगळवारी?"

"बटण दाबताना आत बघितलंच नव्हतं, धूर निघाल्यावर झाकण उघडलं, राखाडी केबली दिसल्या आणि सगळं कळलं. खरं सांगितलं तर का बदलल्या ते आलंच. डोळे आलेच." तिने नाक पुसलं. "त्यांना माहीतसुद्धा नाही त्यांच्यामुळे झालं ते. त्या काल मला समजावत होत्या, चूक माणसाकडूनच होते म्हणून."

"आणि तुझे हात? फोन उचलायला ठेवणार आहेस ते?"

ती रडायला लागली. मीही तिच्याशेजारी जमिनीवर बसले आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. मला त्या वेळी धाकटीचा, भाच्याचा, रंगबाईचा, सगळ्यांचा राग आला होता. दारापाशी काहीतरी हललं म्हणून मी वर पाहिलं.

रंगबाई तिथे उभी होती. किती वेळ, कुणास ठाऊक.

६

रंगबाई वळली आणि लांब मजल्यावरून चालत निघाली, राखाडी डगला तसाच अंगात. रंगीत टेबलांच्या, रंगीत चित्रांच्या मधून ती तशी जाताना बघून माणसं आपोआप हात थांबवून उठली. धाकटीच्या खोलीपर्यंत पोचलो तोवर भाचा, नेमके, मी आणि सून, सगळे तिच्यामागे होतो.

"कॉम्प्युटर मी जाळला," रंगबाई म्हणाली. "या पोरीने नाही."

धाकटीने चष्मा काढला. रंगबाईने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ती जिथे अडखळली तिथे मी जोड दिला, पेटी, बारा व्होल्ट, उलटी केबल, मागच्या पिवळ्या केबली, कपाट. किल्लीचा विषय आला तेव्हा नेमके स्वतःहून पुढे झाले. "नेमकं सांगायचं तर, मी न विचारता दिली," ते म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा खरंच नेमकं बोलले.

भाचा खाली मान घालून उभा होता. "ते निळं," तो शेवटी म्हणाला, "मला वाटलं ते तुमच्या मनातलं आहे."

"मला ते निळं दिसतच नव्हतं रे," रंगबाई म्हणाली. "तेवढं ओतलं की कुठे मला सगळं पहिल्यासारखं दिसायचं."

धाकटी कडक बाई आहे, पण तिला वाईट वाटलं की ती टेबलावरच्या वस्तू सरळ करते. तिने चार पेनं सरळ केली. मग सुनेकडे वळली.

"तू मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही मला काय झालं ते विचारलंच नाहीत, आई," सून म्हणाली. आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "बटण कुणी दाबलं एवढंच विचारलंत. आणि मग सोमवारपासून कुठे बसायचं ते सांगितलंत."

धाकटीने पाचवं पेन उचललं आणि ते तसंच हातात राहिलं. भाचा पुढे होऊन बायकोशेजारी उभा राहिला. उशीर केला त्याने, पण राहिला.

"डॉक्टरांची वेळ मी घेते," धाकटी रंगबाईला म्हणाली. "चित्रपट थांबेल. तुमच्याशिवाय दुसरं कुणी तो रंगवणार नाही."

सुनेला ती त्या वेळी काहीच म्हणाली नाही, आणि मला ते खटकलं.

७

नवीन कार्ड दोन आठवड्यांनी आलं. मीही गेले, म्हटलं मीटर गंजायला नको. रंगबाईच्या एका डोळ्यावर पट्टी होती. तिला राखाडी खोलीच्या कोपऱ्यात बसवलं होतं, आणि तिला काही दिसत नसल्यासारखी ती कान देऊन होती.

सुनेने कार्ड बसवलं. पिवळ्या केबली लावल्या, दोन वेगवेगळ्या, खटका वाजेपर्यंत. मग मला म्हणाली, "मावशी, मोजा ना." मी कार्डाकडची टोकं सोडवून नुसती पेटी चालू केली आणि मोजलं, बारा पूर्णांक एक. तिने केबली काढल्या, परत लावल्या. "अजून एकदा मोजा." बारा पूर्णांक एक. तिसऱ्यांदा तिने सांगितलं तेव्हा मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. कपाळावर घाम होता आणि बोट बटणाजवळ जाऊन थांबलं होतं.

चूक तिची नव्हती हे सगळ्यांना कळलं होतं, तिलासुद्धा. पण दोन-तीन दिवस माणसाला चुकलीस चुकलीस म्हटलं तर हात ते ऐकतात. बोट मागे गेलं.

"मला नाही जमणार," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणालातरी सांगा."

भाचा काहीतरी धीराचं बोलायला गेला, मी त्याला खुणेने थांबवलं. दार उघडलं आणि धाकटी आत आली. राखाडी डगला तिला लांब होत होता. या खोलीत ती वर्षातून एकदाही येत नाही. तिने सुनेकडे पाहिलं, बटणाकडे पाहिलं, आणि कुणाला न विचारता एक खुर्ची फरफटत आणली. ती कॉम्प्युटरला अगदी खेटून ठेवली, इतकी की काच तिच्या पाठीला लागत होती, आणि कॉम्प्युटरकडे पाठ करून ती बसली.

"आई, तिथे नका बसू," सून म्हणाली. "काही झालं तर भाजेल."

"कर चालू," धाकटी म्हणाली. "मी इथेच बसणार आहे."

सून उभी राहिली. तिने सासूच्या पाठीकडे पाहिलं, पांढऱ्या केसांच्या सैल अंबाड्याकडे. मग पुढे झाली आणि बटण दाबलं.

पंखे अर्धा फेरा फिरले. पूर्ण फिरले. मग त्यांचा तो मंद, एकसुरी आवाज सुरू झाला आणि खोली भरून गेली. धाकटी जागची हलली नाही, पण तिचे डोळे मिटले होते.

"चाललं का?" कोपऱ्यातून रंगबाईने विचारलं.

सुनेने पंख्यांजवळ कान नेला.

"चाललं," ती म्हणाली. "मी जोडलंय ते."